दिवा येथील एक मेज

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी संथ गाडी पारसिकच्या डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेनें मुंब्रा ओलांडते, आणि पुढचेंच स्थानक दिवा. ह्याच मार्गानें १८५४ सालीं आगगाडी कल्याणला पोंचली. आज येथून एक फांटा वसईकडे जातो व दुसरा पनवेलवरून कोंकणांत उतरतो.

संस्कृतांत ‘दिवा’ हें अव्यय असून त्याचा अर्थ ‘दिवसां’. मराठींत दिवा म्हणजे दीप. माझ्या थोरल्या बहिणीचें बिऱ्हाड येथें आहे. तिच्याकडे गेलों कीं हा श्लेष मनाला टोंचत असे. कारण भाचा व भाचेसून दोघेंही उजाडण्यापूर्वीं गाडी गांठीत, आणि परततांना दिवेलागण होऊन जाई. घर दिव्यास, पण ‘दिवा’ घरांत कोणी नाहीं! गाडीची गर्दी तर जीवघेणी. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गाडींतून पडून प्रवासी मृत्यु पावले, ती वार्ता वाचकांच्या स्मरणांत असेलच.

साथीमुळें २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं लोकल गाड्या थांबल्या, तेव्हां सूनबाईनें पलंगावर बसून, मांडीवर उशी व उशीवर संगणक घेऊन, कचेरीचे हिशेब लिहिले. त्यांतून पाठदुखी तेवढी पदरांत पडली. पुढें कचेरीनें पुन्हा बोलावलें. आतां आठवड्यांतून चार दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाल्यावर मात्र नीट मेज मांडावें असें ठरलें, आणि मदतीस म्हणून मी गेलों.

खरा प्रश्न जागेचा होता. घर दोन खोल्यांचें. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीशीं असली तर तिचें प्रतिबिंब पडद्यावर पडतें. म्हणून ती बाजूस असावी. तशी जागा एकच, आणि तेथें ताईचें आसन, पोथी व जपमाळ.

सूनबाई संकोचानें म्हणाली, “मामा, माझें स्वयंपाकघरांत भागेल.”

ताईनें पोथी मिटली. “चुलीजवळ हिशेब लिहिलेस तर भाजी आणि हिशेब दोन्ही करपतील. मी हातभर सरकतें. पण दिवेलागणीला त्या यंत्रावर झांकण पडलें पाहिजे.”

सुतारानें चार फूट लांब, दोन फूट रुंद मेज आणलें. त्याची उंची अडीच फूट. टंकलेखन करतांना कोपर काटकोनांत राहावें म्हणून खुर्ची उंच केली, तों सूनबाईचे पाय अधांतरीं लोंबूं लागले. त्यांखालीं घरांतला जुना पाट आला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत व पडदा हातभर अंतरावर असावा, हा नियम. त्याकरितां कळफलक वेगळा घेतला आणि संगणक उंचावण्यास भाच्यानें त्याखालीं आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश सरकवला! मीच तो त्यांच्या लग्नांत दिला होता.

“मामा, रागावलांत?” सूनबाईनें विचारलें.

“मुली, कोशाचा आधार सर्वांनाच लागतो, पण तो उघडतां आला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशीं उरलेल्या फळीचा लहानसा चौरंग झाला व कोश मोकळा झाला. मग सूनबाईनें मेज आपलेंसें केलें. आईनें दिलेल्या पितळी पेल्यांत लेखण्या, माहेरच्या अंगणाचें छायाचित्र, एका बाटलींत हिरवी वेल. दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावें, असें नेत्रवैद्य सांगतात. खोली एवढी लांब नाहीं; तेव्हां खिडकींतून दिसणाऱ्या रुळांवर तिची नजर जाते. ज्या गाडींत ती लोंबकळत असे, तीच आतां दुरून जातांना दिसते.

त्या सायंकाळीं ताई निरांजन लावीत होती. इतक्यांत कचेरींतून दूरध्वनि आला. सूनबाईनें क्षणभर ताईकडे पाहिलें, “उद्यां सकाळीं पाहतें,” एवढेंच म्हणाली आणि संगणक मिटून त्यावर खणाचें आच्छादन घातलें. ताईनें मागें वळून पाहिलें नाहीं. मात्र आपलें आसन तिनें आणखी चार बोटें सरकवलें.