पेरणं साधलं म्हणून निर्णय बरोबर?

संपादकांनी विषय दिला, ‘कामात आणि आयुष्यात चांगले निर्णय कसे घ्यावेत’. दारव्हा तालुक्यात पीक-सल्ला देणाऱ्या माणसापुढे जूनमध्ये एकच प्रश्न असतो: पेरू का थांबू? नोकरी सोडावी का, घरासाठी कर्ज काढावं का, हे मला त्याच जातीचे प्रश्न वाटतात. पण त्यांवर बोलायचा माझा अधिकार नाही. पेरणीवर आहे.

२०२५ चा मॉन्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. वाहिन्यांना ऊत आला, कृषी केंद्रांपुढे गर्दी झाली. मग तो अडला तो अडलाच; विदर्भात यायला जूनचा मध्य उजाडला. घाई करू नका, असं कृषी विभाग सांगत होता, आम्हीही घसा कोरडा करत होतो.

एका धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन भावांची वावरं आहेत. थोरल्याने मेअखेरच्या ओलीवर सरकी टोबली. धाकटा माझं ऐकून थांबला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, ओल खोल जाऊ द्या, हा आमचा नेहमीचा सल्ला. मधल्या कोरड्या दिवसांत थोरल्याच्या शिवारावर एक सर येऊन गेली आणि त्याचं साधलं. धाकट्याने सगळं नियमानं केलं, वर झड लागली, खोलगट भागात पाणी साचून रोपं सडली. निम्म्या वावरात पेरणं उलटलं. थोरला मला म्हणाला, “सायेब, तुमचा हिसाब बरोबर असन, पण पऱ्हाटी तं माहीच उभी हाय.”

गावाने निकाल देऊन टाकला: थोरला हुशार, धाकटा पुस्तकी. माझं भांडण या निकालाशी आहे. निर्णय घेताना हाती काय माहिती होती, त्यावरून तो तोलायचा. नंतर आभाळाने काय केलं त्यावरून नाही. हे सांगितलं की लोक हसतात, आणि पराभूत माणसाची सबब म्हणून ऐकतात.

अंदाजाबद्दलची तक्रारही इथेच करतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ थोडासा पाऊस असा घेतला जातो. हवामान खात्याच्या भाषेत तो प्रमाणाचा नव्हे, विस्ताराचा शब्द आहे: त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. लाडखेडला धो-धो आणि लोहीत धूळ, तरी अंदाज खरा. तसंच ‘सरासरीच्या १०६ टक्के’. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरचा हा आकडा अख्ख्या देशाच्या चार महिन्यांचा होता. तुमच्या पाच एकरांबद्दल, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याबद्दल, त्यात अक्षर नाही.

आता माझा आवडीचा वाद, धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याचा. धूळपेरणी म्हणा की अवकाळी ओलीवरची लावण, जुगार एकच. थोडं गणित सोसा. २०२५ मध्ये बीटी सरकीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं; एकरी दोन पाकिटं, मजुरी धरून साधारण तीन हजार गेले असं समजू. लवकर लावणीने एकरी एक क्विंटल जादा मिळाला असं धरू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११०. वेचणीचा खर्च बाजूला ठेवला, तर दहात तीनच वेळा साधलं तरी २४,३३० येतात आणि सात वेळचे २१,००० जातात. म्हणजे हिशेब थोरल्याच्या बाजूचा निघतो! तरुण सहकारी हे फळ्यावर मांडतात आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघतात.

पण ही बेरीज दहा हंगामांची आहे. विहिरीचं ओलीत असलेला, घरात पगार येणारा माणूस दहा हंगाम खेळू शकतो. कोरडवाहूवाल्याचे पहिले दोन हंगाम बुडाले तर तिसऱ्याच्या बियाण्याला तो सावकाराकडे जातो, आणि तिथून पुढचं व्याज वरच्या गणितात धरलेलंच नाही. शक्यता दोघांना सारखी, सोसण्याची ताकद वेगळी. म्हणून एकाच शिवारात दोन वेगळे निर्णय दोन्ही बरोबर असू शकतात. थोरल्याला विहीर आहे. धाकट्याला नाही. हे गावाने निकाल देताना धरलंच नाही.

शिवाय गुलाबी बोंडअळी. लवकर लावलेल्या पऱ्हाटीला लवकर फुलं येतात आणि सुरुवातीच्या पतंगांना अंडी घालायला आयती जागा मिळते. एरवी ते फुलांविना वाया गेले असते. तिथे वाढलेली पिढी धुरा बघत नाही. २०१७ सालचं नुकसान यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. म्हणूनच अलीकडे काही हंगामांत १ जूनपूर्वी सरकीच्या विक्रीवर बंधन आलं. शेजाऱ्याला बसणारी ही झळ लावणाऱ्याच्या वहीत कधी चढत नाही.

मी धाकट्याला पुन्हा थांबायलाच सांगेन. फक्त आता खोलगट भागात चर काढा, असंही जोडेन. तो ऐकेल की नाही, शंका आहे. दिवाळीला थोरल्याच्या घरी कापूस आधी आला, आणि त्यापुढे माझे मिलिमीटर काय टिकणार?

वाचकांना एकच विनंती. येत्या मृगात, किंवा तुमच्या ज्या कामाला मृग नाही त्यातही, निर्णय घ्यायच्या आदल्या रात्री वहीत तारीख टाका. काय माहीत आहे, काय नाही आणि फसलं तर किती सोसेल, एवढं लिहा. निकाल लागल्यावर त्या पानात खाडाखोड करू नका.