गाडीचे काळे प्लास्टिक

मोटारसायकल म्हातारी झाल्याची खूण इंजिनात उशिरा दिसते. आधी तिचे काळे प्लास्टिक पांढुरके पडते. मीटरखालचे कव्हर, आरशांच्या पाठी, इंडिकेटरच्या दांड्या, नंबरप्लेटजवळचा मागचा मडगार्ड, सगळे राख फासल्यासारखे दिसू लागते. आमच्या घरच्या १९९९ सालच्या हिरो होंडा स्प्लेंडरचे हेच झाले होते.

आप्पांनी ती नोकरीत असताना सोसायटीचे कर्ज काढून घेतली. पंधरा वर्षे भरली तेव्हा २०१४ साली, आणि मग दर पाच वर्षांनी, आर.टी.ओ.त नेऊन नोंदणी पुढे चालू ठेवली. हिरो आणि होंडा वेगळे होऊन कैक वर्षे लोटली, पण आमच्या टाकीवर दोघांची नावे अजून एकत्र नांदतात.

धाकट्याचे म्हणणे, ही विकू आणि हप्त्यावर नवी घेऊ. म्हणून जुन्या गाड्यांच्या एका दलालाला दाखवली. त्याने किकसुद्धा मारली नाही. भोवती एक फेरा मारला आणि भंगाराचा भाव सांगितला. इकडे थोरलीला लॅबमध्ये काम लागलेले, सुटायला रात्रीचे दहा. त्या वेळी बस नाही, आणि रोज रिक्षाला पैसे घातले तर पगारातून उरणार काय? ती म्हणाली, "आजोबा, गाडी धड आहे हो. पण रिक्षास्टँडवर पोरं हसतात, त्याचं काय?" आप्पा काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही कमीच. हप्ता अंगावर घ्यायचा नाही असे घरात ठरले आणि आम्ही प्लास्टिकच्या मागे लागलो.

हे पांढरे का पडते, ते आधी समजून घ्यावे. काळ्या प्लास्टिकमध्ये काजळीसारखी बारीक पूड मिसळलेली असते. ती ऊन अडवते. तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा वरचा पातळ थर अतिनील किरणांनी तुटतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि उजेड विखरून पृष्ठभाग पांढुरका दिसतो. आतले प्लास्टिक बहुधा काळेच असते.

वस्तीत उपाय सांगणाऱ्यांना तोटा नाही. कोणी खोबरेल लावा म्हणतो. लावल्याबरोबर गाडी काळीभोर होते खरी, कारण तेल त्या भेगांत भरते. पण चार दिवसांत धूळ चिकटून ती पहिल्यापेक्षा मळकी दिसते. बूटपॉलिश पावसात उतरते आणि विजारीला लागते. पेट्रोलने पुसण्याचा सल्ला मात्र कोणी ऐकू नये. काही प्लास्टिक त्याने फुगते, तडकते.

गॅरेजवाले गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिक शेकतात. वरचा थर किंचित वितळून भेगा मिटतात आणि काळेपणा डोळ्यांदेखत परत येतो. बघायला मौज वाटते. पण हात जरा रेंगाळला की भाग वाकडा होतो, आणि हे काम पेट्रोलच्या टाकीजवळ करणे म्हणजे जिवाशी खेळ. भाग सुटा करूनच करावे. शिवाय ऊन पुन्हा आपले काम करतेच.

आम्ही रंगाचा मार्ग धरला. भाग सोडवून आतल्या बाजूला पाहिले. तिथे बहुधा प्लास्टिकची जात इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. एबीएस असेल तर रंग बरा धरतो. पीपी असेल तर प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारल्याशिवाय रंग सालीसारखा निघतो. साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुतले, बारीक पाणीकागदाने हलके घासले, पुन्हा धुऊन पूर्ण सुकवले. मग प्रायमर, आणि त्यावर बिनचकाकीच्या काळ्या स्प्रेचे तीन पातळ हात. एकच जाड हात मारला तर ओघळ येतात. प्रत्येक हातामध्ये वाट पाहायची, हेच सर्वांत अवघड. आमच्या वहिनींनी तेवढ्यात भाकऱ्या उरकल्या. आरसे घासत बसलो नाही, नवेच घेतले. ते स्वस्तात मिळतात.

चकाकी आणणारे पॉलिश मुठींना, पायदानांना, सीटला आणि टायरला लावू नये. हात किंवा पाय सटकला की रूप काय कामाचे? ब्रेकजवळ तर त्याचा थेंबही जाऊ देऊ नये.

सगळे मिळून खर्च नव्या गाडीच्या एका हप्त्याहून कमी आला. आप्पांनी भाग बसवताना एकेक स्क्रू स्वतः आवळला. थोरली आता गाडी नेते. मागच्या मडगार्डला एक तडा आहे, तो रंगाखाली झाकला जात नाही. तेवढा भाग पुढच्या पगाराला बदलायचा आहे.