व्याज न घेणाऱ्याचे म्हातारपण

निवृत्त माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. वेळ कसा घालवता? आणि पैसे कुठे ठेवलेत? पहिल्याचे उत्तर सोपे असते. दुसरा प्रश्न मुसलमानाच्या घरात नुसता हिशोबाचा राहत नाही, तो इमानाचाही होतो.

मी शिक्षकाच्या नोकरीतून बाहेर पडलो, तेव्हा ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकदमच हातात आली. स्टाफरूममधल्या सगळ्या मित्रांनी बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेवी केल्या. मला व्याज नको होते. बँकेचे व्याज म्हणजे कुरआनने मना केलेला रिबा आहे की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी १९८९ मध्ये ठराविक परतावा देणाऱ्या बचत प्रमाणपत्रांना मान्यता दिली, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. घेणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. माझ्या मनाला ते पटत नाही, एवढेच. म्हणून मी शेअर्सकडे वळलो. नफ्यात भागीदार, तसाच तोट्यातही भागीदार, हा व्यवहार मला स्वच्छ वाटतो. दारूच्या, जुगाराच्या आणि व्याजावर चालणाऱ्या कंपन्या वगळायच्या, डोईजड कर्जाच्या वगळायच्या. उरलेल्यांच्या लाभांशातला जो अंश कंपनीच्या व्याजाच्या मिळकतीतून आला असेल, तो सवाबाची अपेक्षा न धरता गरिबाला देऊन टाकायचा. २०१० मध्ये मुंबई शेअर बाजाराने शरियतच्या निकषांवर ५० कंपन्यांचा निर्देशांक काढला, तेव्हा या वाटेने जाणारे आपण एकटे नाही, असे वाटले होते.

लाभांशावरच्या कराचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. १९९७ पूर्वी लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाई, पण आयकर कायद्याच्या ८०एल कलमात व्याज आणि लाभांश या दोहोंना मिळून काही वजावट होती. कायद्याच्या नजरेत दोघे एका पंगतीला बसत. १९९७ च्या अर्थसंकल्पाने लाभांश वाटपाचा कर कंपनीवर टाकला आणि भागधारकाच्या हाती तो करमुक्त झाला. मध्ये २००२-०३ चे एक वर्ष सोडले, तर ही व्यवस्था मार्च २०२० पर्यंत चालली. आपल्याला कर दिसत नव्हता, म्हणून तो नाही असे वाटत होते. प्रत्यक्षात शेवटच्या काळात तो अधिभार धरून २०.५६ टक्के होता आणि कारखानदाराला जेवढा, तेवढाच कोकणातल्या एखाद्या बेवा बाईलाही पडत होता.

१ एप्रिल २०२० पासून हा कर गेला. लाभांश पुन्हा भागधारकाच्या उत्पन्नात आला आणि ज्याच्या त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागू झाला. तत्त्व म्हणून हे न्याय्यच आहे. ज्याची मिळकत तुटपुंजी, त्याने शून्य द्यावे. ज्याची मोठी, त्याने जास्त. या बदलाविरुद्ध ओरडणाऱ्यांत मी नव्हतो.

माझी तक्रार वेगळी आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने साठी ओलांडलेल्यांना बँकेतल्या आणि पोस्टातल्या ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट दिली. ८०टीटीबी असे त्या कलमाचे नाव. तेव्हा त्यात लाभांश नव्हता, आणि नसणे समजण्यासारखे होते, कारण सामान्य भागधारकाच्या हाती तो करमुक्तच होता. दोन वर्षांनी तो करपात्र झाला. मग म्हाताऱ्यांसाठी उघडलेले ते दार त्यालाही उघडायला हवे होते. कोणाच्या ते ध्यानातच आले नाही.

हिशोब मांडून पाहा. वर्ष २०२०-२१, जुनी करपद्धती. दोन निवृत्त शिक्षक, दोघेही साठीच्या पुढचे. सगळ्या वजावटी जाऊन दोघांचे करपात्र पेन्शन ६ लाख. एकाला वर ५०,००० रुपये व्याज मिळाले, दुसऱ्याला ५०,००० रुपये लाभांश. पहिल्याला त्या रकमेवर एक पैसाही कर नाही. दुसऱ्याला २० टक्के आणि उपकर मिळून १०,४०० रुपये. वय तेच, पेन्शन तेच, औषधांची चिठ्ठीही तीच.

त्यात आणखी एक गोष्ट. कंपनी कर्जावर जे व्याज देते, ते खर्च म्हणून नफ्यातून वजा होते. लाभांश मात्र नफ्यावरचा कर भरून उरलेल्या पैशातून येतो. म्हणजे त्या पैशावर एकदा कर बसलेलाच असतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी भाऊबंदांना हे ठाऊक आहे. तिथे याच कारणासाठी लाभांशाबरोबर कराची जमा मिळत असे. ती एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली. बदल्यात ५,००० पौंडांपर्यंतचा लाभांश करमुक्त केला. ती मर्यादा २०१८ मध्ये २,००० वर, २०२३ मध्ये १,००० वर आणि २०२४ मध्ये ५०० पौंडांवर आली. सवलतीमागचे तत्त्व विसरले, की उरलेली रक्कम कशी झिजत जाते, ते यातून कळते.

आमची आपा खेड्यात राहते. भाईसाहेबांनी आखातातल्या कमाईतून घेतलेले शेअर्स हाच तिचा आधार. तिचे उत्पन्न कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. तरी २०२० नंतर एका कंपनीच्या १४,००० रुपयांतून १,४०० रुपये कापून आले. कपात टाळायची, तर दरवर्षी प्रत्येक कंपनीकडे १५एच फॉर्म वेगळा भरायचा. बँकेत ठेव असती, तर शाखेत एक फॉर्म देऊन काम भागले असते. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात हे खरे, पण सत्तरीतल्या बाईने त्यासाठी तालुक्याच्या गावी खेपा घालायच्या. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावरच्या कपातीची मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली. लाभांशाची ५,००० वरून १०,००० झाली, तीही तरुण-म्हातारा असा भेद न करता.

नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. त्यामुळे आमच्यासारख्या पुष्कळांची सुटका झाली. तिथे व्याज आणि लाभांश असा भेदही नाही. पण तिथे ही समानता आली ती वयाची सवलतच काढून टाकून.

कोणी म्हणेल, धर्म तुमचा, त्याची किंमत तुम्ही द्या. मान्य. व्याज सोडल्याने बुडणारी मिळकत आम्ही मुकाट्याने सोसतोच. बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय बाजूला ठेवला, तेही सोसले. पण इथे मी मुसलमानांसाठी काही मागत नाही. शेअर्सवर जगणारा गुजराती म्हातारा, एखाद्या पारशी बाईची म्हातारपणची पुंजी, यांनाही हाच नियम लागू आहे. सवलत म्हातारपणाला दिली, असे सरकार म्हणते. मग ती म्हाताऱ्या माणसाला मिळू दे. ५०,००० ची मर्यादा वाढवू नका हवे तर. फक्त त्यात व्याजाच्या शेजारी लाभांश हा एक शब्द घाला. १९९७ पूर्वी ते दोघे एका पंगतीला बसत होतेच.