मत बदलणारे विज्ञान

"हे डॉक्टर लोक आज एक सांगतात, उद्या दुसरेच. मग विश्वास तरी कशावर ठेवायचा?" हा सवाल मी मोहल्ल्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवातही ऐकला आहे. त्यामागे समज असा की, जे बदलते ते खोटे. मला मात्र अशा वेळी ओआरएसची पुडी आठवते.

जुलाब लागले की पोटाला विश्रांती द्या, असे एकेकाळी डॉक्टरही सांगत. 1960च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले की, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, त्यांच्यामागे पाणीही आत जाते; आणि कॉलऱ्यातही हे काम बंद पडत नाही. 1968 साली ढाक्यात रुग्णांवर याची चाचणी झाली.

1971च्या युद्धकाळात पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावात कॉलरा पसरला, सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजायला नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 4 टक्क्यांच्या खाली आले. शेवटची शंका फिटेपर्यंत ते थांबले असते, तर किती घरे उजाड झाली असती!

पुढे पुडीही बदलली. सोड्याच्या जागी सायट्रेट आले. 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेने मीठ आणि ग्लुकोजचे प्रमाण कमी केले, कारण त्याने मुलांच्या उलट्या कमी होतात, सलाइनची गरजही घटते. म्हणून जुनी पुडी खोटी ठरली का? तिनेच तर असंख्य जीव वाचवले. प्रमाण बदलले, मूळ तत्त्व अधिक पक्के झाले.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या खालांचा नातू जुलाबाने मलूल झाला होता. खाला म्हणाल्या, "बेटा, पाणी दिलं की जास्तच होतं. आमच्या वेळी पाणी बंद करायचे."

मी म्हटले, "खाला, तेव्हा डॉक्टरही तेच सांगायचे. मग त्यांनी तपासून पाहिलं, म्हणून सांगणं बदललं."

खालांनी चमचा हातात घेतला आणि त्याला थोडे थोडे पाजू लागल्या. मी रिक्षा बघायला गेलो, डॉक्टरांना दाखवायचे होतेच.

कोणी मत बदलले की "का बदलले?" हे जरूर विचारावे. उत्तरात पुरावा असेल, तर ते बदललेले मतच अधिक भरवशाचे. निर्णय मात्र आज हाती असलेल्या ज्ञानावरच घ्यावा लागतो. तहानलेले मूल उद्याच्या संशोधनाची वाट पाहू शकत नाही.