कैचीची कैची

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि बरेच दिवस लिहायचं राहून गेलेलं एक प्रकरण. त्यात माझी थोडी फजिती आहे, म्हणूनच राहत होतं. आज लिहूनच टाकतो.

माझा जॉब म्हणजे नातेवाईकांच्या भाषेत 'आयटी'. नेमकं सांगायचं तर अमेरिकेत घरांचे नकाशे ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात, त्यातला छपराचा भाग आमची पुण्यातली टीम सांभाळते. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी कोडिंगची आणि काम छपराचं! छपराखालच्या त्रिकोणी सांगाड्याला इंग्रजीत ट्रस म्हणतात, आपल्याकडे कैची. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे 'सिझर ट्रस'ची तक्रार आली. मी मनात भाषांतर केलं, कैचीची कैची, आणि एकटाच हसत बसलो. (सिझर ट्रस म्हणजे जिचा खालचा दांडाही मध्ये वर उचललेला असतो, खोलीतनं छत उतरतं दिसावं म्हणून.)

तिकडे बहुतेक घरं लाकडी. कैच्या कारखान्यातनं तयार होऊन येतात आणि साधारण दोन-दोन फुटांवर उभ्या करतात. लाकडं जोडायला दातेरी पत्र्याची पट्टी ठोकतात. कॅल्विन ज्यूरीट या फ्लोरिडातल्या इंजिनिअरने १९५५ मध्ये तशी पट्टी काढली आणि हा धंदा झपाट्याने वाढला.

सॉफ्टवेअरचा नियम तसा सोपा आहे. कैचीची वरची कड छपराकडून घ्यायची, खालची कड खोलीच्या छताकडून घ्यायची, आणि मधली जागा तिरक्या दांड्यांनी भरायची. पण एका खोलीचं छत ८ फुटांवर, शेजारचीचं १० फुटांवर, आणि वरून कैची एकच, असं असेल तर? मग खालच्या कडेला पायरी पडते. ती पायरी बरोबर भिंतीवर पडावी, दांडे एकमेकांत घुसू नयेत, यासाठी मी आयुष्यातले सहा महिने घालवलेत. त्यामुळे या विषयात आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

आता गावाकडे येऊ. आमचं घर श्रीवर्धनकडचं, जांभ्या चिऱ्याचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं गेली, वासे गेले. तेव्हा घाईघाईत पत्रे टाकले होते. पत्र्याखाली मे महिन्यात बसून बघा एकदा, म्हणजे कळेल. शेवटी गेल्या वर्षी बाबांनी ठरवलं, लोखंडी कैच्या करून परत कौलं चढवायची. फोनवर म्हणाले, "अरे, तुझं रोजचंच काम ना हे? मग नकाशा तूच काढ."

मागण्या आल्या. बाबांना ओटीवर छतच नको, झोपाळ्यावर बसलं की कौलं दिसली पाहिजेत. आईला माजघरावर ९ फुटांवर माळा हवा. मागच्या पडवीत बाथरूम करायचं, त्याचं छत साडेसात फूट. म्हणजे एका कैचीखाली तीन उंच्या! अहो, हेच तर माझं फीचर! एका रविवारात काढलं. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत ३२ फूट, आढं १६ फुटांवर, खालचा दांडा ओटीवर छपराला चिकटून चढणारा, माजघरावर सपाट, पडवीत पायरी उतरून खाली. सॉफ्टवेअरने एकही एरर दिली नाही. बाबांनी रंगीत प्रिंट काढून किराणावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना दाखवली. "मुलाने काढलंय, कॉम्प्युटरवर."

महिन्याभरात पाऊस येणार होता. फॅब्रिकेटरकाकांना लोखंड कापायला सांगायचं म्हणून मी मुद्दाम गावी गेलो. काकांनी प्रिंट दोनदा उलटसुलट करून पाहिली.

"चित्र छान आहे," ते म्हणाले. "पण ओटीकडची भिंत कोणी धरायची?"

मला प्रश्नच कळला नाही. काकांनी कोपऱ्यातला रंगाऱ्यांचा घोडा ओढला. दोन शिड्या वर जोडलेल्या आणि खाली पाय फाकू नयेत म्हणून दोरी. "ही दोरी म्हणजे तुझा खालचा दांडा. सोडू का? चढतोस?"

हुश्श... काय बोलणार! पहिल्या वर्षाला शिकलेलं मेकॅनिक्स एका दोरीत समोर उभं होतं. वासे भिंतींना बाहेर ढकलतात, खालचा दांडा त्यांना ओढून धरतो. माझ्या चित्रात ओटीवर तो दांडा छपराला जाऊन चिकटला होता, म्हणजे दोरी तिथे सुटलेलीच होती. वर कौलं, अमेरिकेतल्या डांबरी शिंगल्सपेक्षा कितीतरी जड. सॉफ्टवेअरने मला आकार दिला होता. तो आकार वजन पेलेल का, हे त्याला मी विचारलंच नव्हतं.

काकांचा पुढचा प्रश्न तर त्याहून सोपा होता. "आणि माजघराच्या दोन जाड भिंती कशाला आहेत?"

अमेरिकेतल्या त्या घरांत कैची बहुधा बाहेरच्या भिंतींवर टेकते आणि आतल्या भिंती नुसत्या आडोशाला असतात. आमच्या घरात वजन नेतात त्या आतल्याच भिंती, दीड-दीड फूट जाडीच्या, १२ फूट उंच. त्यांच्यावर कैची ठेवली तर गाळा ३२ ऐवजी १६ फुटांचा. ओटीवर आणि पडवीवर कैची लागतच नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत साधे वासे पुरतात. मग बाबांना कौलं दिसतील, बाथरूमचं छत वाशांना टांगता येईल, माळा माजघराच्या भिंतींवर स्वतंत्र तुळयांवर बसेल. छताच्या तीन उंच्या आणि सगळ्या कैच्या एकसारख्या! रात्री वहीत हिशोब मांडला. माझ्या कैचीत ओटीवर दांडा सरळ नेला असता, तरी त्यातला ताण काकांच्या कैचीपेक्षा दुपटीहून जास्त येत होता. लोखंड वाया गेलं असतं ते वेगळंच.

त्या दिवशी मला एक साधी गोष्ट कळली. छत खाली आणायचं तर टांगलं की झालं. वर न्यायचं तर आधी तिथला दांडा हलवावा लागतो, आणि त्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागतं.

अवघड काम पुढेच होतं, बाबांना सांगणं. सकाळी ओटीवर सांगितलं, "बाबा, माझं चुकलं. ती प्रिंट आता कोणाला दाखवू नका." ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "कागदावरच सापडलं ना? मग झालं. आजोबांचं छप्परही त्या दोन भिंतींवरच होतं. तिथल्या तुळईला तुझा झोका बांधायचो आम्ही."

मी ज्या तुळईला लटकून मोठा झालो, ती कुठे टेकली होती हे मला आठवत नव्हतं!

सिव्हिलवाल्या मित्राकडून पाइपांचे साइझ तपासून घेतले. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. म्हणून भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बोल्ट सोडले. माळ्यावर ३ फुटांवर कैचीचे दांडे आडवे येतात, ते आईला भीतभीत सांगितलं. "मी काय तिथे नाचणार आहे?" इति आई.

सोमवारी ऑफिसात पाहिलं, तर आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये 'ही भिंत वजन घेते' असा एक चौकोन आहे. मीच टिक केला नव्हता. हल्ली कुठल्याही कैचीची तक्रार आली की आधी तो चौकोन बघतो.

असो. पहिल्या पावसात एकच कौल गळलं. ते बाबांनी स्वतः बसवलं होतं, त्यामुळे घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. :)