मागाच्या खड्ड्यातले पाय

14 जानेवारी 2025, मंगळवार. संक्रांत

आज येवल्यात खाली बघून चालणारा माणूस सापडायचा नाही. बाजारवार, तरी भाजीवालेसुद्धा माना वर करून बसलेले. सकाळपासून हलकडी कानात घुमतेय. सणाच्या तीन दिवसांत ह्यांची पतंगाची आसारी कधी दुसऱ्याच्या हातात जात नाही. आज ऐन पेच लागलेला असताना त्यांनी ती पुतण्याकडे दिली आणि कठडा धरून खाली बसले. "पायातली चप्पल निसटली, मला कळलंच नाही," म्हणाले.

रात्री खोदून विचारलं. तळपायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटतं, अंधारात न्हाणीत जाताना भिंत चाचपावी लागते. मुंग्या तर दोन वर्षांपासून.

"मग बोलला नाहीत ते?"

"अगं, मागावर बसणाऱ्याच्या पायाला मुंग्या यायच्याच. आबांच्याही यायच्या."

आमच्या गल्लीत पाठ, डोळे, पाय, काहीही दुखलं की ते मागाच्या नावावर लिहायचं. मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर आलेल्या मुंग्या उठून दोन तास झाले तरी का जात नाहीत, हा साधा प्रश्न मलाही पडला नाही.

17 जानेवारी, शुक्रवार

नाशिक. डॉक्टरांनी नादकाटा तळहातावर आपटून ह्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "काय जाणवतंय?" हे म्हणाले, "थंड लागतंय." थरथर विचारत होते ते, आणि ती कळतच नव्हती. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. हे असे कलले की मीच दंड धरला.

डॉक्टरांना बी-12 जीवनसत्त्व कमी असल्याचा संशय आला. "मांसाहार?" ह्यांनी सदऱ्यातून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. साखरेसाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्यानेही बी-12 कमी होतं म्हणे. हे आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी अशक्तपणावर नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या ऐकून हे डॉक्टर जरा गप्प झाले. बी-12 कमी असताना एकटं फॉलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची खराबी मागे चालूच राहते.

चिठ्ठीवर बी-12, क्रिएटिनिन, थायरॉइड, आणि बी-12 कमी पडलं की रक्तात साचणारं होमोसिस्टीन. मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलं तरी हे शेवटचं वाढतं, म्हणून बाकीच्या तपासण्या.

20 जानेवारी, सोमवार

उपाशीपोटी रक्त दिलं, इथेच गावात. काल रात्री वाचलं होतं की नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडतच राहतात. नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात रक्तद्रव वेगळा करावा लागतो. सेंटरवरच्या मुलाला विचारलं, बर्फ कुठाय? "मॅडम, सगळ्यांचं असंच जातं." नळी रॅकमध्येच राहिली. नळ्या नेणारी मोटारसायकल दुपारी एकला निघाली.

25 जानेवारी, शनिवार

होमोसिस्टीनचा पहिला आकडा 52 आला होता, मायक्रोमोलमध्ये. 15 च्या वर गेला की जास्त. डॉक्टर म्हणाले, परत घेऊ. म्हणून पुन्हा नाशिकची पहाटेची लालपरी, विंचूर, निफाड, पोटात पाणीसुद्धा नाही. या वेळी बर्फ होता. 37. मधला फरक त्या रॅकमधल्या चार-पाच तासांचा, असं माझं मत. बी-12 मात्र दोन्हीकडे तळाला. 37 हेही काही कमी नाही.

26 जानेवारी, रविवार

हे तिल्ल्या भरत बसले होते, त्यांना समजावून सांगितलं. जेवणातल्या प्रथिनात मेथिओनिन असतं. शरीर ते वापरतं तेव्हा मधेच होमोसिस्टीन तयार होतं. त्याला पुढे दोन वाटा. एक परत मेथिओनिन होण्याची, तिच्यासाठी मुख्यतः फॉलेट आणि बी-12 लागतं. दुसरी सिस्टीनकडे जाणारी, तिला बी-6. पहिली वाट अडली की ते रक्तात साचतं.

हे म्हणाले, "म्हणजे धोटा तिकडं गेला तो परत आलाच नाही."

31 वर्षांत दहावीच्या एकाही पोराने मला इतकं नेमकं उत्तर दिलं नाही.

इंजेक्शनची पहिली बाटली लाल निघाली. बी-12 मध्ये कोबाल्ट असतो, त्याचा हा रंग. ह्यांनी ती उजेडात धरली, कुंकवी काठाचं रेशीम पारखतात तशी. मग एकच शंका: "हे कशापासून करतात?" मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून, असं सांगितल्यावर माळेवरचा हात खाली आला. गाई-म्हशीच्या पोटातलेही जिवाणूच ते बनवतात, म्हणून दुधा-दह्यात ते थोडं असतं. पण आमचं दूध म्हणजे चहात घालायचं पळीभर.

2 फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वाचन. बोस्टनच्या किल्मर मॅक्कली नावाच्या डॉक्टरने 1969 मध्ये दोन मुलांच्या धमन्या तपासल्या. एक आठ वर्षांचा मुलगा, 1933 मध्ये अर्धांगाने गेलेला. दुसरं दोन महिन्यांचं बाळ. दोघांचे जन्मजात दोष वेगळे, पण होमोसिस्टीन दोघांतही वाढलेलं आणि धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या. त्यावरून तो म्हणाला, हाच पदार्थ रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतो. जमाना कोलेस्टेरॉलचा होता. त्याचं कुणी ऐकलं नाही, पुढे त्याची प्रयोगशाळाही गेली.

नंतर मात्र लंबक पार दुसऱ्या टोकाला. जीवनसत्त्वं देऊन आकडा उतरवा, हृदयविकार टळेल अशी आशा. 2006 मध्ये साडेपाच हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल आला: आकडा उतरला, हृदयाचे झटके आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत, अर्धांगाचे झटके तेवढे घटले. 2015 मध्ये चीनमध्ये वीस हजारांवर रक्तदाबाच्या रुग्णांना औषधासोबत फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पहिला अर्धांगाचा झटका येण्याचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटलं. विसरभोळेपणा, हाडं मोडणं, शिरांतल्या गाठी यांच्याशीही वाढलेल्या होमोसिस्टीनचा संबंध दिसतो. पण तेच त्यांचं कारण की नुसती खूण, यावर भांडण आहे. म्हणून त्याचा कागद दाखवून कुणी हृदय वाचवायचं पॅकेज विकायला आला तर मी दारातून परत पाठवीन.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 441 मध्यमवयीन पुरुष तपासले, खेड्यातले, झोपडवस्तीतले, शहरी मध्यमवर्गातले. 67 टक्क्यांत बी-12 कमी, 58 टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात हेच आकडे 81 आणि 79! फॉलेटचा वाटा नगण्य, मुख्य कारण बी-12. आमच्यासारख्या शाकाहारी घरात हा आकडा हृदयापेक्षा ताटाबद्दल सांगतो. आणि ताटातली ही उणीव भरायला फार पैसे लागत नाहीत.

9 मार्च, रविवार

सूनबाईला चौथा महिना. सरकारी लोह-फॉलिकच्या गोळ्या नियमाने चालू आहेत. त्या हव्यातच. बाळाच्या मज्जारज्जूसाठी फॉलिक लागतं आणि फॉलिकची गोष्टही आपल्या मुंबईतूनच सुरू झाली. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली आणि कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांचा पंडुरोग तिने यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यात जे होतं ते फॉलेट.

पण पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये बी-12 कमी निघालं. ज्यांचं फॉलेट भरपूर आणि बी-12 कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यांत जास्त होती. सूनबाईला म्हटलं, तुझं बी-12 तपासू. ती म्हणाली, "आई, मी मागावर कुठं बसते?"

तपासलं. सासऱ्याइतकंच कमी.

22 एप्रिल, मंगळवार

होमोसिस्टीन 13. न्हाणीत जाताना आता भिंत लागत नाही. मोराचा पदर अर्धा झाला. इंजेक्शन यापुढे महिन्याला एक. मेटफॉर्मिन चालूच राहणार. नसांना मात्र वेळ लागतो, काही परत येतात, काही येत नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

गल्लीतले चौघे आज ओट्यावर येऊन बसले. तिघे माळकरी, एक साखरेचा. चौघांच्याही पायांना मुंग्या. त्यांना नाशिकचा पत्ता दिला आणि बजावलं, रक्त देताना बर्फ मागा.

डॉक्टरांनी काल पुन्हा नादकाटा टेकवला होता. डाव्या अंगठ्याला थरथर कळली. उजव्याला अजून नुसतं थंड लागतं.