दुखत नाही म्हणून

विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात वस्तीतला माणूस न्यायचा झाला की रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने रिपोर्ट घेऊन जायला आम्हालाच बोलावणे येते. कारकुनी करता करता कागद लावायची सवय लागली, ती अशी कामी येते. अलीकडे या कागदांत 'क्रिएटिनीन' हा शब्द फार वेळा वाचायला मिळतो. घरची मंडळी मात्र एकच सांगतात, "दादा, काहीच दुखत नव्हतं की हो त्यांना!"

आम्ही पडलो बी.कॉम. पण रांगेत तासन्तास जातात, तेवढ्यात डॉक्टरांना विचारून घेतले, घरी येऊन वाचले.

नांदेडला विष्णुपुरी जलाशयाचे पाणी येते ते गाळून, शुद्ध करूनच. मूत्रपिंडेही दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी सोडून बाकी सारा रक्तात परत करतात. एकेका मूत्रपिंडात साधारण 10 लाख गाळण्या असतात. मधुमेहाने, रक्तदाबाने त्यांतल्या काही मरतात. नव्या कधी तयार होत नाहीत.

पुढचे कारकुनाला लगेच समजते. कचेरीत दहाजण होते, तिघे निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. काम दहाजणांचेच, ते सातजण ओढतात. बाहेरच्याला वाटते, कचेरी बरी चालली आहे! क्रिएटिनीनही असेच, जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत फारसे वाढत नाही. पण जादा दाबाने उरलेल्या गाळण्याच बिघडतात, असे अमेरिकेतील डॉ. बॅरी ब्रेनर व सहकाऱ्यांनी 1982 साली मांडले.

गाळणीच्या जाळीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशींना पोडोसाइट म्हणतात. त्या निसटल्या तर त्यांची जागा सहसा भरून निघत नाही. मग अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. पुढच्या नळीतल्या पेशींना ते सोसत नाही. त्या सूज वाढवणारे संदेश सोडतात आणि जखम भरणाऱ्या पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात. हाताला कापले तर वण पडतो आणि काम थांबते. इथे थांबत नाही. व्रण पसरतो, आणखी गाळण्या गुदमरतात, उरलेल्यांवर आणखी भार. आणि यात दुखत काहीच नाही.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या गाळणीच्या आतला दाब उतरवतात. 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून ती गोळी बंद करणारे आम्ही किती पाहिले! मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांच्या मूत्रपिंडाची घसरणही मंदावते, हे 2020 साली मोठ्या चाचणीत दिसले. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. पण ऊसतोडीहून आलेल्या माणसाने अंगदुखीची गोळी रोज मेडिकलमधून आणून खाणे वाईट. तिने गाळणीकडे जाणारे रक्तच कमी होते.

डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतो. 2012 साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास मशीनला बसायचे, तर बुडालेली मजुरी कोणती योजना देणार?

म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बंधू-भगिनींना आम्ही आता वर्षातून एकदा क्रिएटिनीनबरोबर लघवीतले अल्ब्युमिनही तपासून घ्यायला लावतो. "मला काय झालंय?" असे म्हणणाऱ्यांना आधी नेतो.